कर्कवृत्ताचा पत्ता

भोपाळहून विदिशेकडं जाताना, सांचीच्या थोडं अलीकडं, रस्त्यावर कर्कवृत्त लागतं. म्हणजे तशी पाटी लागते. गाड्या कडेला थांबतात, माणसं उतरतात, आखलेल्या पट्ट्याच्या अलीकडं एक पाय आणि पलीकडं दुसरा ठेवून फोटो काढून घेतात. आम्हीही काढला. एक पाय उष्ण कटिबंधात, दुसरा समशीतोष्ण कटिबंधात. डिसेंबरची सकाळ होती, त्यामुळं दोन्ही पायांना थंडी मात्र सारखीच वाजत होती.

पाटीवर हिंदीत ‘कर्क रेखा’ लिहिलेलं आहे. आपण मराठीत ‘वृत्त’ म्हणतो आणि ते जास्त बरोबर आहे, कारण ही रेघ कुठंच संपत नाही. पृथ्वीला वळसा घालून जिथून निघाली तिथं परत येते. पण सोबतच्या मामांना शब्दात रस नव्हता. त्यांनी विचारलं, “ही रेघ इथंच कशावरून? ती तर उज्जैनवरून जाते ना?”

मामांचा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. कर्कवृत्त नकाशावर इतकं ठाम छापलेलं असतं, की ते जमिनीत पुरलंय असंच वाटतं. शाळेत साडेतेवीस अंश उत्तर असं पाठ केलेलं असतं. आज तो आकडा साधारण २३ अंश २६ मिनिटं १० सेकंद आहे. ‘आज’ हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे.

आधी ही रेघ आली कुठून ते पाहू. पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या पातळीला काटकोनात उभा नाही, सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळं वर्षभरात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याची जागा उत्तर-दक्षिण सरकत राहते. २१ मार्चच्या सुमारास ती विषुववृत्तावर असते. तिथून ती उत्तरेकडं निघते, २१ जूनला शेवटच्या टोकाला पोचते आणि परत फिरते. ते टोक म्हणजे कर्कवृत्त. दक्षिणेकडचं टोक मकरवृत्त, तिथं ती २१ किंवा २२ डिसेंबरला पोचते. या दोन वृत्तांना इंग्रजीत जे नाव आहे त्याच्या मुळाशी ‘वळणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपल्या ‘अयना’तही जाणं-वळणं आलंच. दोन्हीकडच्या लोकांनी पाहिली ती एकच गोष्ट: सूर्य एका जागेपर्यंत येतो आणि मागे वळतो.

महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे या दोन वृत्तांच्या आत आहेत. म्हणून आपल्याकडं वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते. यालाच हल्ली ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. दिल्लीकरांच्या नशिबात हा दिवस नाही, त्यांच्याकडं भर दुपारीही सावली थोडी तरी उत्तरेला पडतेच. आपल्याकडं ही सावली गिळणारी जागा मे महिनाभर दक्षिणेकडून उत्तरेकडं चालत जाते. पणजीत ती ३ मेच्या सुमारास असते, कोल्हापुरात ७ मेला, पुण्यात १४ मेला, मुंबईत १६ मेला, नागपुरात २६ मेला आणि नंदुरबारच्या उत्तर टोकाला जूनच्या पहिल्या तारखेला. एखाद्या दिवसाचा फरक वर्षानुसार होतो. वेळही घड्याळातल्या बाराची नसते. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीच्या अलाहाबादजवळच्या) रेखांशाचं असल्यामुळं मुंबईत सूर्य माथ्यावर येईपर्यंत साडेबारा उलटून जातात, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटं होतात.

नागपूरच्या तारखेकडं जरा पाहा. विदर्भात २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागला. आणि नेमक्या त्याच दिवसांत सूर्य नागपूरच्या डोक्यावरून जातो. नक्षत्राचा आणि तापण्याचा थेट संबंध नाही, पण ज्यांनी हे नऊ दिवस निवडले त्यांनी उन्हाकडं नीट पाहिलं होतं एवढं खरं.

परतीच्या प्रवासात सूर्य जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा आपल्या डोक्यावरून जातो. नागपुरात १७ जुलैला, पुण्यात ३० जुलैला, कोल्हापुरात ६ ऑगस्टला. पण तेव्हा वर ढगांचं घोंगडं असतं आणि दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते. म्हणून दुसरी शून्य सावली बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नसते.

या चालीत एक गंमत आहे. विषुववृत्त ओलांडताना ही जागा दिवसाला ४३-४४ किलोमीटर उत्तरेकडं सरकते. सावंतवाडीपाशी तिचा वेग दिवसाला ३२-३३ किलोमीटरवर आलेला असतो, नंदुरबारला पोचेपर्यंत पंधरा-सोळावर. कर्कवृत्तापाशी तो शून्य होतो. नागपंचमीच्या झोक्यासारखं आहे हे. झोका मध्यातून सणकन जातो आणि टोकाशी क्षणभर रेंगाळतो. सूर्याचा तो ‘क्षण’ मोठा असतो. विषुववृत्तावर सूर्य दुपारी माथ्यापासून एका अंशाच्या आत राहतो तो जेमतेम पाच दिवस, मग सहा महिन्यांनी पुन्हा पाच दिवस. कर्कवृत्तावर तो सलग ३४ दिवस माथ्याच्या एका अंशाच्या आत घुटमळतो. शिवाय तेव्हा तिथला दिवस साडेतेरा तासांचा असतो, विषुववृत्तावर मात्र बारा तासांचाच. सगळ्यात जास्त तापायचं ते विषुववृत्तानं, असं आपण धरून चालतो. पण पृथ्वीवरची तव्यासारखी तापणारी वाळवंटं विषुववृत्तावर नाहीत, ती या वृत्तांच्या आसपास आहेत. त्यामागं हे रेंगाळणं आहे, आणि अजूनही एक कारण आहे, त्याकडं पुढं येऊ.

आता मामांचा प्रश्न. सावलीवरून ही रेघ शोधायची तर अडचण अशी, की सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे. जमिनीवर मोजलं तर अर्धा अंश म्हणजे पंचावन्न किलोमीटर. म्हणजे २१ जूनला कर्कवृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे २९ किलोमीटरपर्यंत कुठंही उभं राहिलात, तरी सूर्याच्या तबकडीचा कुठला ना कुठला भाग बरोबर डोक्यावर असतो. डोळ्यांनी पाहायचं तर कर्कवृत्त ही रेघ नाहीच, अठ्ठावन्न किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. आणि या पट्ट्यावर हक्क सांगणारी गावं जुन्या काळापासून बरीच आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध गाव इजिप्तमधलं सायीनी, आजचं अस्वान. तिथल्या एका विहिरीच्या तळाशी अयनदिनाच्या, म्हणजे सूर्य मागे वळतो त्या २१ जूनच्या, दुपारी ऊन पोचतं, अशी ख्याती होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एरॅटोस्थेनीसनं हाच धागा धरला. त्याच दिवशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश भरतो. दोन गावांतलं अंतर ५००० स्टेडिया (हे ग्रीकांचं लांबीचं माप), म्हणून पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नासपट, अडीच लाख स्टेडिया. एक विहीर, एक सावली आणि एक गुणाकार एवढ्यावर पृथ्वी मापून झाली.

आता अस्वानचा अक्षांश पाहा: २४ अंश ५ मिनिटं. एरॅटोस्थेनीसच्या काळात कर्कवृत्त होतं २३ अंश ४३-४४ मिनिटांच्या आसपास. म्हणजे सायीनी कर्कवृत्तावर नव्हतंच, सुमारे चाळीस किलोमीटर उत्तरेला होतं. सूर्याची कडसुद्धा तिथं बरोबर माथ्यावर येत नव्हती. पण दहा मीटर खोल विहिरीत या चुकीमुळं तळाशी सावली पडणार ती जेमतेम सहा सेंटिमीटरची. वरून वाकून पाहणाऱ्याला ती कुठून दिसायला! त्याच्या हिशेबात यापेक्षा मोठ्या चुका इतर ठिकाणी होत्या आणि नशिबानं त्या एकमेकींना बऱ्याचशा खाऊन गेल्या.

दुसरं गाव आपलं उज्जैन. ‘कर्कवृत्त मूळचं उज्जैनवरून जात होतं, आता सरकलं’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर तुम्हीही वाचलं असेल. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ मिनिटं. आजचं कर्कवृत्त त्याच्या उत्तरेला २८ किलोमीटरवर आहे. आणि कर्कवृत्त गेली काही हजार वर्षं दक्षिणेकडं सरकत आहे. म्हणजे पूर्वी ते उज्जैनपासून आजच्याहून लांब होतं! सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाच्या काळी लांब होतं, विक्रमादित्याच्या काळी त्याहून लांब. उज्जैनवरून ते गेलं नाही, ते उज्जैनकडं यायला निघालं आहे. आजच्या चालीनं पोचायला त्याला अजून दोन हजार वर्षं लागतील.

हे जुन्या गणित्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त अवंतीची, म्हणजे उज्जैनची, जागा दिली आहे: ‘निरक्षदेशात् क्षितिषोडशांशे’, विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर. तीनशे साठचा सोळावा भाग साडेबावीस. आणि सूर्याची परमक्रांती, म्हणजे तो जास्तीत जास्त किती उत्तरेला जातो तो आकडा, आपल्या सिद्धांतग्रंथांत २४ अंश धरलेला असतो. खुद्द भास्कराचार्यांच्या हिशेबानं उज्जैन कर्कवृत्ताच्या दीड अंश दक्षिणेला पडतं. ज्यांच्या नातवानं चाळीसगावजवळच्या पाटण्याला शिलालेख कोरवला आणि खगोलाच्या अभ्यासासाठी मठ उभा केला, त्या भास्कराचार्यांचं ऐकायला हरकत नसावी.

उज्जैनचा खरा मान वेगळा होता. भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायला सुरुवात उज्जैनपासून व्हायची. आज ग्रिनिचला जे स्थान आहे ते तेव्हा अवंतीला होतं. हा मान काही लहान नाही, पण दोन रेषांच्या छेदावर असल्याशिवाय गावाला मोठेपण येत नाही अशी आपली समजूत झालेली दिसते.

जयपूरच्या सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत इथं वेधशाळा बांधली, तेव्हा तो माळव्याचा सुभेदार होता. त्यानं अक्षाचा कल मोजला तो २३ अंश २८ मिनिटं. त्या वर्षांसाठी आजच्या सूत्रानं आकडा काढला तर जवळजवळ तेवढाच येतो. चुन्या-दगडाच्या यंत्रांनी, दुर्बिणीशिवाय! पुढं उज्जैन शिंद्यांकडं आलं, वेधशाळा मोडकळीला आली, आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे, पंचांगशोधनाच्या वादांत बुडालेल्या पिढीतले जाणकार मराठी गणिती. तिथल्या शंकुयंत्राच्या, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या शंकूच्या, चौथऱ्यावर सात रेघा आहेत. शंकूच्या सावलीचं टोक वर्षभर त्यांच्यावरून येरझाऱ्या घालतं. २१ जूनला सावली पाहायला लोक जमतात आणि ती गायब झाल्याच्या बातम्या छापून येतात. बारीक मोजलं तर त्या दिवशी उज्जैनला एक मीटरच्या काठीची साडेचार मिलिमीटर सावली पडते, तीही दक्षिणेकडं! सूर्य बरोबर माथ्यावर येण्याचे उज्जैनचे खरे दिवस १२-१३ जून आणि ३० जूनच्या आसपासचे. पण त्या आठ-नऊ दिवसांत सूर्य सरकतोच किती? पाव अंश. सूर्याच्या तबकडीची कड २१ जूनला जेमतेम उज्जैनच्या माथ्याला टेकते. म्हणून बातमी चूकही नाही आणि बरोबरही नाही.

नेमकी रेघ उज्जैनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, डोंगला या गावाजवळून जाते. ही जागा हेरली ती भीमबेटकाच्या गुहा जगासमोर आणणाऱ्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी. आता तिथं वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे.

तिसरं गाव कच्छमधलं धोळावीरा. ते आज कर्कवृत्ताच्या उत्तरेला पन्नास किलोमीटरवर आहे, अक्षांश सुमारे २३ अंश ५३ मिनिटं. म्हणून त्याचं नाव या यादीत सहसा येत नाही. पण घड्याळ मागं फिरवा. इसवी सनापूर्वी ३०००च्या सुमारास, हडप्पा संस्कृतीचं हे नगर उभं राहत होतं तेव्हा कर्कवृत्त २४ अंशांच्या किंचित वर, शहराच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरवर होतं. इ.स.पू. २५००ला ते दहा किलोमीटरवर आलं. आणि नगर उजाड होण्याच्या काळात, इ.स.पू. १६००च्या आगंमागं ते धोळावीरावरून गेलं. म्हणजे शहर नांदतं होतं तो सगळा काळ सूर्याची तबकडी दर जूनमध्ये त्याच्या माथ्यावर येत होती. अस्वानला आणि उज्जैनला न मिळालेला मान धोळावीराला मिळाला, पण तो मिरवायला तिथं कुणी उरलं नाही. तिथल्या दोन जोडून असलेल्या गोल खोल्या सूर्याच्या निरीक्षणासाठी बांधल्या असाव्यात, असा तर्क मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी श्रीकुमार मेनन यांनी मांडला आहे. भिंती जोत्यापर्यंतच उरल्यामुळं हा तर्कच आहे. पण ज्या गावात दरवर्षी सावली हरवते, त्या गावातल्या माणसांना हे दिसलंच नसेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

रेघ सरकते ती का? गुरू, शुक्र आणि बाकीचे ग्रह पृथ्वीला सतत ओढत असतात. त्यामुळं पृथ्वीच्या कक्षेची पातळीच हळूहळू हलते आणि अक्षाचा तिच्याशी असलेला कोन बदलतो. सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात हा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होतो. सध्या तो घटतीवर आहे. कर्कवृत्त दरवर्षी सरासरी साडेचौदा मीटर दक्षिणेकडं येतं, मकरवृत्त तेवढंच उत्तरेकडं. दिवसाला चार सेंटिमीटर. उष्ण कटिबंध दोन्ही बाजूंनी मिळून वर्षाला हजारएक चौरस किलोमीटरनं आक्रसतो, म्हणजे दर साडेतीन वर्षांनी एक गोवा कमी. अर्थात यातला मोठा भाग समुद्र आहे आणि गोव्याला काही धोका नाही.

‘सरासरी’ म्हटलं, कारण या चालीवर चंद्र आपला ताल धरतो. चंद्राची कक्षा १८.६ वर्षांत डोलते, तिच्या ओढीनं पृथ्वीचा अक्षही किंचित मान डोलावतो आणि कर्कवृत्त आपल्या सरासरी जागेच्या इकडं-तिकडं २८० मीटरपर्यंत हेलकावतं. काही वर्षं तर ते चक्क उत्तरेकडं जातं. साडेचौदा मीटरची वार्षिक चाल या हेलकाव्यात बुडूनच जाते, अनेक दशकांचा हिशेब मांडला की वर येते. म्हणजे भोपाळ-विदिशा रस्त्यावरची ती पाटी, किंवा कुठलीही पाटी, कर्कवृत्ताची कायमची जागा सांगूच शकत नाही. मेक्सिकोत तामाउलिपास राज्यातल्या एका महामार्गावर यावर छान तोड काढलेली आहे. तिथं २००५ पासूनच्या एकेका वर्षाच्या पाट्या ओळीनं उभ्या केल्या आहेत, प्रत्येक पाटी आधीच्या पाटीपासून काही पावलांवर. तैवानमध्ये चियायीला १९०८ साली, रेल्वे आली तेव्हा, पहिला कर्कवृत्त-स्तंभ उभारला. तो पुढं अनेकदा पडला आणि नव्यानं बांधला गेला.

आणि विमानानं जगप्रदक्षिणा केल्याचा विक्रम नोंदवायचा तर किती अंतर कापायला हवं? ध्रुवाभोवती गिरकी मारूनही सगळे रेखांश ओलांडता येतात, म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघानं किमान अंतर ठरवून दिलं आहे: ३६,७८७.५५९ किलोमीटर. ही कर्कवृत्ताची लांबी आहे. रेघ ज्या वेगानं सरकते ते पाहता दशांशचिन्हापुढचे तीन आकडे बघून हसू येतं.

जागेसारखंच नावही शिळं झालं आहे. ‘कर्क’ का? तर अयनदिनी सूर्य कर्क राशीच्या आरंभी असायचा म्हणून. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त लिहून ठेवलं आहे, की जुन्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषाच्या अर्ध्यापासून सुरू होतं असं सांगितलेलं आहे, पण सध्या ते कर्काच्या सुरुवातीपासून होतं. म्हणजे जुना आकडा तो परंपरा म्हणून गिरवत बसला नाही. कुणाला शंका असेल तर प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, असंही त्यानं सुचवलं. त्याच्यानंतर दीड हजार वर्षं गेली. भोवऱ्यासारखा घुमणारा पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो, या परांचन गतीमुळं अयनदिनाची जागा ताऱ्यांमधून मागं मागं सरकत जाते. आश्लेषातून ती पुनर्वसूत आली होती. आज २१ जूनला सूर्य मृगाच्या शेवटाला असतो. आपला शेतकरी म्हणतो, मृग संपून आर्द्रा लागल्या, तीच ही वेळ. आकाशात पाहिलं तर सूर्याच्या मागं तेव्हा वृषभ-मिथुनची सीमा असते, कर्क नाही.

तिळगुळाचंही तेच. मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायण असं आपण म्हणतो, पण १४ जानेवारीपर्यंत सूर्य मकरवृत्त सोडून तीन आठवड्यांहून जास्त दिवस झालेले असतात. वराहमिहिराच्या सुमाराला हे दोन दिवस जवळजवळ एकत्र होते. आता दर ७०-७२ वर्षांनी त्यांच्यात आणखी एका दिवसाची भर पडते. गोड बोलायला कुठलाही दिवस चालतो, म्हणून तक्रार नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं, परांचनानं वृत्ताचं नाव खोटं पडतं, जागा बदलत नाही. जागा बदलते ती कल कमी-जास्त झाल्यानं.

मकरवृत्ताबद्दल कमी बोललं जातं, कारण त्याच्या वाटेत पाणीच फार. तरी चिली, अर्जेंटिना, पॅराग्वे, ब्राझील, नामिबिया, बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया एवढे दहा देश ते ओलांडतं. विषुववृत्त आणि मकरवृत्त दोन्ही अंगावर घेणारा ब्राझील हा एकटाच देश. साव पाउलोसारखं अवाढव्य शहर या रेघेला अगदी लागून वाढलं आहे.

नकाशावर कर्कवृत्तावरून बोट फिरवलं तर पश्चिमेकडून मेक्सिकोचं कोरडं द्वीपकल्प, मग अटलांटिक ओलांडून पश्चिम सहारा, मॉरिटानिया, माली, अल्जीरिया, नायजर, लिबिया, इजिप्त, पुढं सौदी अरेबिया, अमिराती, ओमान. बोटाखाली सतत वाळू. मघाशी राहिलेलं कारण हे. विषुववृत्तापाशी तापलेली दमट हवा वर चढते, तिथंच पाऊस पाडून मोकळी होते, उंचावरून ध्रुवांच्या दिशेनं जाते आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. अशा उतरत्या हवेत ढग धरत नाही. म्हणून सहारा, अरबस्तान. आणि दक्षिणेत मकरवृत्ताच्या वाटेवर आटाकामा, नामिब, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा पोटभाग.

या हिशेबानं आपल्याकडंही वाळूच असायला हवी होती. कच्छच्या रणापर्यंत तसं वाटतंही. पण बोट पुढं सरकवा: राजस्थानचं दक्षिण टोक, मध्य प्रदेशातली सागाची जंगलं, छत्तीसगड, झारखंड, बंगाल, मग बांगलादेशात शिरून त्रिपुरात बाहेर, पुन्हा बांगलादेश आणि मग मिझोराम. कच्छला वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मिझोरामला अडीच हजाराच्या. अस्वानला कित्येक वर्षं एक सरही येत नाही. रेघ तीच आहे. वाटेत मही नदी तर तिला दोनदा ओलांडते: मध्य प्रदेशातून उत्तरेकडं राजस्थानात जाताना एकदा आणि वळून गुजरातकडं येताना दुसऱ्यांदा. अशा कोरड्या पट्ट्यात नदीला एवढा फेरफटका परवडतो तो मॉन्सूनच्या जिवावर.

मॉन्सूनचं गणितही सूर्याच्या त्या रेंगाळण्यापासून सुरू होतं. मे-जूनमध्ये कर्कवृत्ताच्या आसपासची जमीन तापते, उत्तरेला तिबेटचं पठार तापतं, हिमालय उत्तरेची कोरडी हवा अडवून धरतो. जी पावसाळी, चढत्या हवेची पट्टी एरवी विषुववृत्ताजवळ असायची, ती भारतात थेट कर्कवृत्त ओलांडून गंगेच्या मैदानात जाऊन बसते. वर्तमानपत्रात आपण ‘मॉन्सूनचा आस’ म्हणून वाचतो तो हाच कमी दाबाचा पट्टा. त्याच्याकडं धावणारे वारे हिंदी महासागरावरून पाणी उचलून आणतात. आपल्याकडं जून-जुलैत सूर्य जवळजवळ डोक्यावर असूनही एप्रिल-मेइतकं तापत नाही, तेही त्याच ढगांमुळं. चीनचा दक्षिण भाग आणि तैवान हिरवे राहिले ते पूर्व आशियातल्या मॉन्सूनमुळं. तैवानचं सर्वांत उंच शिखर युशान, ३९५२ मीटर, जवळजवळ कर्कवृत्तावरच आहे आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ असतं.

सहाराही नेहमी असा नव्हता. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात परांचनामुळं पृथ्वी उत्तरेतल्या उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ यायची. सोबतीला अक्षाचा कलही जास्त होता, सुरुवातीला तर २४.२ अंश, म्हणजे कर्कवृत्त आजच्यापेक्षा नव्वदएक किलोमीटर उत्तरेला. उत्तर गोलार्धातला उन्हाळा त्यामुळं कडक होता, आफ्रिकेचा मॉन्सून आजच्याहून कितीतरी आत घुसायचा. चाड सरोवर आजच्या कॅस्पियन समुद्राच्या तोडीचं झालं होतं. जिथं आज वाळू आहे तिथं गवत होतं, जिराफ होते, पुढं गुरं राखणारी माणसं आली.

इजिप्तच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आजच्या कर्कवृत्ताच्या अगदी शेजारी, गिल्फ कबीर नावाचं पठार आहे. १९३३ साली लास्लो आल्माशी हा हंगेरियन भटक्या तिथल्या एका उथळ गुहेपाशी पोचला. भिंतीवर हजारो वर्षांपूर्वीची छोटी छोटी माणसं रंगवलेली होती, हातपाय पसरून आडवी झालेली, अगदी पोहत असल्यासारखी. काही संशोधक त्यांना मृतात्मे मानतात. आल्माशीनं मात्र समोर दिसलं तेच धरलं: इथं कधीकाळी पोहण्याइतकं पाणी असणार. आज त्या गुहेच्या आसपास पाणी बरोबर नेल्याशिवाय जाता येत नाही.